म्हातारे बदलत नाहीत?

समलिंगी विवाहाबद्दल जनमत कसं बदललं, याचं एक सोपं उत्तर ठरलेलं असतं: जुनी पिढी संपते, नवी येते. पण हिशोब मांडला की हे उत्तर तोकडं पडतं.

गॅलप या संस्थेने 1996 साली अमेरिकेत विचारलं, तेव्हा 27 टक्के लोक अशा विवाहाच्या बाजूने होते. 2022 साली 71 टक्के. सव्वीस वर्षांत पिढ्या इतक्या भराभर बदलत नाहीत. म्हणजे पूर्वी 'नाही' म्हणणाऱ्यांपैकीच पुष्कळजण पुढे 'हो' म्हणाले असणार. प्यू संशोधन केंद्राच्या पाहण्यांतही तेच दिसतं. 1928 ते 1945 दरम्यान जन्मलेल्या अमेरिकनांपैकी 2001 साली पाचातला जेमतेम एक पाठिंबा देत होता. 2019 साली 45 टक्के. माणसं तीच, फक्त अठरा वर्षांनी म्हातारी झालेली.

तरुण पिढी पुढे आहे, हे खरंच. त्याच 2019 सालच्या पाहणीत 1981 ते 1996 दरम्यान जन्मलेल्यांमध्ये हे प्रमाण 74 टक्के होतं. पण हा फरक वयाचा, जन्मसालाचा की बदललेल्या काळाचा? इथे संशोधकही अडतात, कारण चालू सालातून जन्मसाल वजा केलं की वय निघतं. दोन आकडे कळले की तिसरा आपोआप ठरतो. मग तिघांचा परिणाम निव्वळ आकडेमोडीने वेगळा कसा काढणार? एखादं गृहीतक धरावंच लागतं.

प्रदेशाचं कोडं मला जास्त रंजक वाटतं. ऑस्ट्रेलियात 2017 साली टपालाने कौल घेतला, 61.6 टक्के 'हो' म्हणाले. सिडनी या मतदारसंघात 83.7 टक्के होकार, तर त्याच महानगराच्या पश्चिमेकडच्या ब्लॅक्सलँडमध्ये 73.9 टक्के नकार. तिथे स्थलांतरित, धर्मनिष्ठ कुटुंबांची वस्ती मोठी. म्हणजे 'शहरी लोक उदार' हेही सरसकट खरं नाही. उलट कॅथलिक आयर्लंडमध्ये 2015 च्या सार्वमतात 43 पैकी एकाच मतदारसंघाने नकार दिला, तोही काठावर.

मत एकदा बदललं की पक्कं झालं, असंही नाही. गॅलपच्याच पाहण्यांत रिपब्लिकन समर्थकांमधला पाठिंबा 2022 साली 55 टक्के होता, तो 2025 साली 41 वर आला. त्यात पक्ष सोडून गेलेले आणि नव्याने आलेलेही असतील, पण तीन वर्षांतली ही घसरण पिढीच्या खात्यावर मांडता येत नाही.