अमेरिकेतल्या छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजचा अर्ज: निबंधाआधी बाबांची फाईल काढा

गेल्या वर्षी भाचीचा फॉर्म भरताना मीच शेजारी बसले होते, म्हणून हे लिहितेय. अ‍ॅमहर्स्ट, विल्यम्स, बोडन, ग्रिनेल ही नावं आपल्याकडे हार्वर्डसारखी घरोघरी माहीत नाहीत, पण ही दोनेक हजार पोरांची लिबरल आर्ट्स कॉलेजं आहेत, म्हणजे एकाच शाखेत न अडकता विज्ञान, भाषा, समाजशास्त्र असं सगळं शिकता येणारी, इथं पीएचडीची गर्दी नाही, प्राध्यापक पदवीच्या पोरांनाच शिकवतात. विल्यम्सला ट्युटोरियल म्हणून प्रकार आहे, दोन विद्यार्थी आणि एक प्राध्यापक, एका आठवड्यात एकाने पाच-सात पानी लेख लिहायचा आणि दुसऱ्याने त्याची चिरफाड करायची, पुढच्या आठवड्यात उलट. अकरावीत शंभरच्या वर्गात मागच्या बाकावर बसलेल्या पोरीला हे ऐकून आधी घामच फुटला.

पात्रता सोपी आहे. कटऑफ नाही, डोमिसाईल नाही, शाखेचं बंधन नाही, ऑगस्टमध्ये तिकडे जाईपर्यंत बारावी पास असायला हवं. इंग्रजीसाठी टोफेल, आयईएल्टीएस किंवा ड्युओलिंगो यातली एक परीक्षा, इंग्लिश मीडियमवाल्यांना बऱ्याच ठिकाणी त्यातूनही सूट मिळते. सॅट ही तिकडची प्रवेशपरीक्षा बऱ्याच कॉलेजांत ऐच्छिक आहे, बोडनला तर १९६९ पासून.

फॉर्म कॉमन अ‍ॅपवर भरायचा, ही बऱ्याच कॉलेजांना एकच अर्ज पाठवायची वेबसाइट, एका खात्यातून जास्तीत जास्त २० कॉलेजं, मुख्य निबंध ६५० शब्दांच्या आत. अर्ली डिसिजनची, म्हणजे लवकरच्या पण बांधून घेणाऱ्या अर्जाची तारीख साधारण १ किंवा १५ नोव्हेंबर, नेहमीच्या रेग्युलर अर्जाची जानेवारीच्या सुरुवातीला. अर्ली डिसिजन एकाच कॉलेजला करता येतं आणि त्यांनी घेतलं तर तिथं जावंच लागतं, फक्त मिळालेल्या आर्थिक मदतीत भागणार नसेल तर सोडता येतं, त्यामुळे घरात बोलून मगच टिक करा.

आता आमची खरी तारांबळ. त्यांना नववी ते बारावी अशा चार वर्षांचे मार्क एकत्र लागतात, आणि आपल्याकडे नववी-दहावी शाळेत, अकरावी-बारावी ज्युनियर कॉलेजात. शाळेतल्या क्लार्कना नववीचा निकाल मागितला तर म्हणाले, "नववीचं कोण विचारतं हो, बोनाफाईड नेता का?" तिसऱ्या फेरीत मिळाला. शिफारसपत्रं साधारण दोन शिक्षकांची आणि एक काउन्सेलरचं, म्हणजे शाळेतल्या समुपदेशकाचं. काउन्सेलर नसेल तर प्रिन्सिपल किंवा वर्गशिक्षक चालतात. आमच्या सरांनी मनापासून लेटरहेडवर पत्र लिहिलं, गोल शिक्का मारला आणि भाचीच्याच हातात दिलं! तसं चालत नाही, सरांच्या ईमेलवर लिंक जाते आणि त्यांनीच अपलोड करायचं असतं, पोरांनी ते वाचायचा हक्क सोडतोय असं फॉर्ममध्ये टिक करायचं असतं. सरांना जूनमध्येच सांगून ठेवा, दिवाळीच्या सुट्टीत ते गावी जातात.

पैशाकडे येऊ, कारण अर्ज इथंच अडतो. फाफसा नावाचा सरकारी मदतीचा फॉर्म तिकडचे नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी आहे, त्यात वेळ घालवू नका. आपल्यासाठी बहुतेक ठिकाणी सीएसएस प्रोफाइल, म्हणजे घरचं उत्पन्न आणि मालमत्ता सांगणारा ऑनलाइन फॉर्म, पहिल्या कॉलेजला २५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकाला १६, काही कॉलेजं माफी देतात, मेल करून विचारायला लाजू नका. अ‍ॅमहर्स्ट आणि बोडन परदेशी पोरांच्या बाबतीतही मदत मागितली की नाही हे न बघता निकाल देतात. बाकी बहुतेक ठिकाणी मदत मागितली हे प्रवेश देताना बघितलं जातं. म्हणून लोक म्हणतात आधी मागू नका, आत गेल्यावर मागा, आणि हाच सल्ला घात करतो कारण पहिल्या वर्षी मदत न मागणाऱ्या परदेशी पोरांना बऱ्याच कॉलेजांत नंतर मिळतच नाही.

पगारदार घरात फॉर्म १६, आयटीआर, सॅलरी स्लिप, बँक स्टेटमेंट एवढ्यावर काम होतं. शेती असेल तर जरा गंमत आहे. आमच्या भाऊजींची चार एकर ऊस आणि सोयाबीन, आयटीआर भरलेलाच नाही, मग सातबारा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, कारखान्याच्या उसाच्या बिलाच्या पावत्या आणि आयटीआर का नाही याचं साधं एका पानाचं पत्र, सगळ्याचं इंग्रजी भाषांतर जोडलं. सेतूवाला म्हणाला, "साठ हजार टाकू का, सगळे टाकतात." टाकू नका! दाखल्यावर साठ हजार आणि पोरीच्या फीची पावती ऐंशी हजारांची असेल तर तिकडचा माणूस विचारणारच, बाकीचं आलं कुठून. जे आहे ते लिहा, ऊस गेल्या वर्षी कमी गेला असेल तर तेही लिहा.

निकाल मार्चअखेर येतात आणि १ मेपर्यंत होकार द्यायचा, म्हणजे बारावीचा निकाल बहुतेक त्यानंतरच हातात. मग कॉलेज आय-२० हा विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा कागद पाठवतं, पण मदत वजा जाता पहिल्या वर्षाची जी रक्कम उरते ती घरात आहे हे बँकेच्या पत्राने दाखवल्यावर. त्यानंतर सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे ३५० डॉलर, डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म आणि व्हिसाचे १८५ डॉलर, या क्रमाने. भाऊजींच्या बँकेत इंग्रजी पत्राचा नमुनाच नव्हता, मॅनेजर म्हणाले तुम्हीच टाईप करून आणा मी सही करतो, आणि रक्कम आकड्यात बरोबर पण अक्षरात दहापट अशी पहिली प्रत गेली. कॉलेजच्या बाईंनी दुसऱ्याच दिवशी मेल केला, नीट बघून परत पाठवा म्हणून.