'डिड यू नो'साठी लेख पाठवताय? नामांकन नेमकं कुठे अडकतं ते आधी वाचा

इंग्रजी विकिपीडियाच्या मुखपृष्ठावर 'डिड यू नो' हे सदर २००४ पासून चालू आहे. नव्या लेखातली एखादी कुतूहल जागवणारी गोष्ट एका ओळीत मांडायची, शेवटी प्रश्नचिन्ह आणि मधे लेखाचा ठळक दुवा. या ओळीला हुक म्हणतात, आणि लेख या सदरासाठी सुचवणं म्हणजे त्याचं नामांकन. नव्या संपादकाचं काम मुखपृष्ठावर पोहोचण्याची ही सर्वांत जवळची वाट आहे. तरीही मेहनतीने लिहिलेले, वाचनीय लेख इथून परत जातात, आणि बहुतेकदा कारण लेखाच्या दर्जाचं नसतं. मुदत चुकलेली असते, मोजणी चुकलेली असते किंवा संदर्भ एक वाक्य अलीकडे-पलीकडे पडलेला असतो.

पात्रतेच्या वाटा तीन. लेख नवा असावा, किंवा जुन्या लेखाचा मजकूर किमान पाचपट वाढवलेला असावा, किंवा त्याला नुकताच 'गुड आर्टिकल' (विकिपीडियावर तपासून चांगला ठरवलेला लेख) हा दर्जा मिळालेला असावा. तिन्ही वाटांनी नामांकन करायला ७ दिवसांची मुदत आहे.

सर्वाधिक गोंधळ या ७ दिवसांचाच. तुमच्या धूळपाटीवर (सरावाच्या खासगी पानावर) किंवा मसुदा नामविश्वात (कच्च्या लेखांच्या विभागात) लेख सहा महिने पडून असला तरी घड्याळ सुरू झालेलं नसतं. लेख मुख्य नामविश्वात, म्हणजे वाचकांसाठीच्या प्रत्यक्ष विश्वकोशात, हलवला त्या दिवसापासून ते धावू लागतं. त्यामुळे 'मसुदा जुना झाला, आता उपयोग नाही' म्हणून कुणी हात आखडू नये. उलटी चूक मात्र महागात पडते. अर्धवट लेख घाईने मुख्य नामविश्वात टाकायचा आणि मग सवडीने महिनाभर भरत बसायचं, असं केलंत की तो 'नवा' राहत नाही. नामांकनांच्या यादीतही लेख मुख्य नामविश्वात आला ती तारीख लागते, अर्ज केल्याची नव्हे. एखाद-दोन दिवस उशीर झाला असेल तर तसं स्पष्ट लिहून सवलत मागा. नवख्यांना ती पुष्कळदा मिळते, पण तिच्या भरवशावर राहू नका.

पाचपट वाढीची वाट सोपी वाटते आणि तिथेच माणसं फसतात. मोजणी आधीच्या मजकुरावरून होते, मग तो कितीही गचाळ, संदर्भहीन असो, तुम्ही त्यातली एक ओळही ठेवली नसो. सूट फक्त प्रताधिकारभंग करणाऱ्या मजकुराला. आधी ८०० अक्षरं असतील तर ४,००० करावी लागतील, ३,००० असतील तर थेट १५,०००. म्हणून जुना लेख निवडताना पहिल्याच दिवशी आकडा काढा. वाढीव मजकूर धूळपाटीवर तयार करून एकदम चढवा, म्हणजे ७ दिवस हातात राहतात.

आता लांबी. किमान १,५०० अक्षरं लागतात. शब्द नव्हे, बाइटही नव्हेत. लेखाच्या इतिहासात दिसणारा आकडा बाइटचा असतो आणि त्यात संदर्भ, माहितीचौकट, साचे, वर्ग असं सगळं धरलेलं असतं. तिथे ६,००० दिसले म्हणून निर्धास्त झालेल्या लेखात सलग गद्य १,२०० अक्षरांचंच निघू शकतं. शीर्षकं, याद्या, तक्ते, चित्रांखालच्या ओळी, लांब अवतरणं यांतलं काहीही धरलं जात नाही. दुसऱ्या विकिपीडिया लेखातून किंवा प्रताधिकारमुक्त पुस्तकातून उचललेला मजकूरही नाही. 'डीवायकेचेक' (डीवायके म्हणजे 'डिड यू नो') ही छोटी आज्ञावली आपल्या खात्यात बसवून घ्या, ती सलग गद्याची अक्षरं मोजते. नेमकं १,५१० वर थांबूही नका. तपासणाऱ्याने एक परिच्छेद काढायला सांगितला की लेख बाद होतो.

लेख तपासताना सर्वसाधारणपणे प्रत्येक परिच्छेदाला निदान एक संदर्भ आहे ना, भाषा तटस्थ आहे ना, मूळ स्रोताची वाक्यं थोडी फिरवून वापरली नाहीत ना, हे पाहतात. लेख वगळण्याच्या चर्चेत असेल तर निकाल लागेपर्यंत नामांकन थांबतं.

हुक २०० अक्षरांत बसवायचा, पण ही कमाल मर्यादा आहे. त्याहून आटोपशीर असेल तर उत्तमच. आपल्याला प्रिय असलेला विषय इतरांनाही आपोआप रंजक वाटेल हा समज सोडावा लागतो. विषयाची काहीच माहिती नसलेल्या माणसाला हुक वाचून थांबावंसं वाटलं पाहिजे. 'अमुक कवी अमुक गावी जन्मले' याने कुणी थांबत नाही. हयात व्यक्तीबद्दल अवाजवी नकारात्मक हुक चालत नाही. कथा-कादंबरीवरचा हुक नुसत्या कथानकावर बेतलेला चालत नाही, त्याचा खऱ्या जगाशी काहीतरी संबंध लागतो.

आणि खरा अडथळा इथे आहे: हुकमधली गोष्ट जशीच्या तशी लेखात असली पाहिजे, आणि ज्या वाक्यात ती आहे त्याच वाक्याच्या शेवटी संदर्भ असला पाहिजे. परिच्छेदाच्या शेवटी दिलेला चालत नाही. लेखात 'काही काळ तुरुंगात होते' आणि हुकमध्ये 'सात महिने तुरुंगात होते' असं असेल तर नामांकन तिथेच अडतं. मराठी पुस्तकं, छापील अंक हे स्रोत म्हणून चालतात, ऑनलाइन असण्याची सक्ती नाही. तरी तपासणाऱ्याला आपली लिपी वाचता येत नाही हे लक्षात ठेवून पानाचा क्रमांक आणि संदर्भातच मूळ वाक्याचं भाषांतर द्या. एवढ्याने आठवड्यांची पत्रापत्री वाचते.

चित्र द्यायचं तर मुक्त परवान्याचंच, म्हणजे कुणालाही वापरायची मुभा असलेलं.

पहिल्या पाच नामांकनांच्या वेळी तुम्हाला दुसऱ्या कुणाचं काम तपासावं लागत नाही. त्यानंतर प्रत्येक वेळी दुसऱ्या कुणाच्या तरी नामांकनाची पूर्ण तपासणी करून तिचा दुवा द्यावा लागतो. याला 'क्यूपीक्यू' म्हणतात. हा नियम न्याय्य आहे, पण नियमांची पानं इतकी विखुरलेली आणि संक्षेपांनी भरलेली आहेत की सहाव्या नामांकनाला अनेकांना तो प्रथमच कळतो. 'छान लेख, मंजूर' एवढं लिहिलेली तपासणी धरली जात नाही. मुदत, लांबी, संदर्भ, नक्कल, हुक, सगळ्यावर एकेक ओळ लिहा. हे काम दुसऱ्या-तिसऱ्या नामांकनापासूनच सवयीचं करून घ्या.

अर्ज भरल्यावर नामांकनाचं पान निरीक्षणसूचीत (तुम्ही नजर ठेवलेल्या पानांच्या यादीत) टाका. शंकेला उत्तर आलं नाही म्हणून बंद होणारी नामांकनं पाहवत नाहीत. दोन ओळींचं उत्तर पुरलं असतं. पर्यायी हुक सुरुवातीलाच एक-दोन देऊन ठेवा, कारण तपासणाऱ्याने स्वतः हुक सुचवला तर तो मंजूर करायला तिसरा माणूस शोधावा लागतो. मंजुरीनंतरही लेख आधी तयारीच्या संचात (मुखपृष्ठासाठी जुळवल्या जाणाऱ्या हुकांच्या गटात), मग मुखपृष्ठावर जाण्याच्या रांगेत जातो आणि दोन्हीकडे पुन्हा तपासला जातो. या टप्प्यात कुणी हुकचे शब्द बदलले तर बदललेलं वाक्य संदर्भाशी अजून जुळतं का ते तुम्हीच पाहा. स्रोत तुम्ही वाचलेला असतो, त्यांनी बहुधा नाही.