'दुष्काळ' आणि 'दुष्काळसदृश': एका शब्दाची पार्श्वभूमी

महाराष्ट्राच्या कायद्यांतून 'दुष्काळ' १९६३ साली वगळला गेला. परिस्थितीवर सरकारची सतत नजर असते, टंचाईची चाहूल लागताच उपाय होतात, तेव्हा दुष्काळ पडायला वावच उरत नाही, असं कारण त्यासाठी दिलं गेलं. नवा शब्द आला, टंचाई. यात एक गुंता आहे. इंग्रजी कायद्यात अन्नावाचून माणसं मरतात तो दुष्काळ वेगळा, पावसाने ओढ दिली तो वेगळा. वगळला पहिला. मराठीत दोन्ही दुष्काळच, त्यामुळे इकडे ऐकू आलं ते एवढंच की आता दुष्काळ नाही.

नऊ वर्षांनी बहात्तर उजाडलं. खडी फोडणं, पाझर तलावांची कामं, लाल मिलो ज्वारीच्या भाकरी, पोरांच्या हातावर सुकडी. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना यातलं काहीच सांगावं लागत नाही. त्यातूनच रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि १९७९ पासून लागू झाला. काम मागणं हा हक्क ठरला.

शब्दाचं भांडण मात्र मिटलं नाही. मार्च २०१६ मध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी होती. हंडा घेऊन रांगेत उभं राहायचं तरी पाचाच्या वर माणसं नकोत. एप्रिलात मिरजेहून रेल्वे आली, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर पाणी घेऊन. आणि कागदावर? 'दुष्काळसदृश'. हायकोर्टात प्रकरण गेल्यावर मे महिन्यात २९ हजारांहून अधिक गावांसाठी 'सदृश' गळालं.

हा नुसता शब्दच्छल वाटेल. पण पीककर्जाचं पुनर्गठन, वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या बिलात ३३.५ टक्के सूट, पोरांची परीक्षा फी हे सगळं जाहीर होण्यावर अडलेलं असतं. पूर्वी हे पैसेवारीवर ठरे, म्हणजे नेहमीचं पीक रुपयाभर धरलं तर यंदाचं किती पैसे, या अंदाजावर. पन्नास पैशांच्या आत आली की गाव यादीत. २०१६ च्या अखेरीस दुष्काळ ठरवण्यासाठी केंद्राची नवी संहिता आली आणि पाऊस, पेरणी, जमिनीतला ओलावा, उपग्रहाची छायाचित्रं हे निकष पुढे आले. तलाठ्याशी भांडता येत होतं, उपग्रहाशी काय भांडणार!

२०२३ मध्ये राज्यातले ४० तालुके दुष्काळी ठरले. मराठवाड्यातले १४, त्यात लातूर जिल्ह्यातला एकटा रेणापूर. ओरड झाल्यावर हजारावर महसूल मंडळं (तालुक्यातले काही गावांचे गट) जाहीर झाली, ती 'दुष्काळसदृश' म्हणून. सवलती मिळाल्या, पण केंद्राकडे मदतीचा प्रस्ताव गेला तो चाळीस तालुक्यांचाच. तालुक्याच्या शिवेवर ज्यांचं रान आहे, त्यांच्या बांधाच्या अलीकडे दुष्काळ होता, पलीकडे सदृश.