साइडचेन कॉम्प्रेशन

साइडचेन कॉम्प्रेशन : एका ध्वनीच्या जोरानुसार दुसऱ्या ध्वनीची पातळी आपोआप खाली-वर करण्याची ध्वनिमुद्रणातील पद्धत. हाउस, ट्रान्स यांसारख्या नृत्यसंगीतात किक ड्रमच्या, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या, दर ठोक्याला बाकीचा वाद्यमेळ दबतो आणि ठोका ओसरताच पुन्हा उसळतो. या भात्यासारख्या हालचालीला 'पंपिंग' म्हणतात.

आवाजाने ठरवून दिलेली मर्यादा, म्हणजे थ्रेशोल्ड, ओलांडली की कॉम्प्रेसर हे उपकरण मर्यादेच्या वरचा भाग आवळतो. किती आवळायचा हे रेशो ठरवतो. एरवी जो ध्वनी आवळायचा त्याचीच पातळी तो मोजतो. साइडचेनमध्ये मोजमापासाठी त्याला वेगळाच ध्वनी पुरवतात. कॉम्प्रेसर बसतो बेसच्या, म्हणजे खालच्या सुरांच्या, ट्रॅकवर, पण ऐकतो किक. थ्रेशोल्ड उणे 30 डेसिबल, रेशो 4:1 (मर्यादेवरच्या दर 4 डेसिबलचा 1 उरतो) आणि किकचे शिखर उणे 6 डेसिबल असेल, तर बेस 18 डेसिबलपर्यंत खाली जातो. म्हणजे जवळजवळ गायबच.

निवेदक बोलू लागला की मागचे संगीत आपोआप खाली जाण्याची रेडिओवरची सोय याच तत्त्वावर चालते. नृत्यसंगीतात हे तंत्र कामी आले ते किक आणि बेस खालच्या पट्टीत एकमेकांना झाकतात म्हणून. पुढे मात्र ही डागडुजीच शैली बनली. 1990 च्या दशकातील फ्रेंच हाउसमध्ये पुष्कळदा किक आणि सॅम्पल (दुसऱ्या ध्वनिमुद्रणातून उचललेला तुकडा) एकत्रच एका कॉम्प्रेसरमधून जात. काटेकोरपणे पाहता ते साइडचेन नव्हे, पण कानाला परिणाम तोच. 'एलेसिस 3630' या स्वस्त यंत्राचे नाव त्या काळाशी जोडले गेले. एरिक प्रिट्झच्या 'कॉल ऑन मी' (2004) मध्ये पंपिंग इतके उघड आहे की आजही उदाहरण म्हणून तेच ऐकवले जाते.

खरी कसोटी रिलीजची, म्हणजे दबलेला आवाज पूर्ववत होण्यास लागणाऱ्या वेळेची. मिनिटाला 128 ठोक्यांच्या गाण्यात दोन किकमध्ये सुमारे 469 मिलिसेकंद असतात. आवाज त्याच्या आत परतला तर झोका जाणवतो. रिलीज फार लांबला तर आवाज वर येण्याआधीच पुढची किक येते आणि सगळे नुसतेच हळू वाजत राहते. फार आखूड ठेवला तर कॉम्प्रेसर किकच्या एकेका लहरीमागे धावतो आणि आवाज खरखरतो. अटॅक, म्हणजे आवाज दबण्यास लागणारा वेळ, अगदी शून्यावर नेल्यास टिचकीसारखा आवाज येऊ शकतो. काही मिलिसेकंद पुरतात.

गाण्यात किक थांबली तरी झोका हवा असेल, तर श्रोत्याला ऐकू न येणारी किक फक्त कॉम्प्रेसरला देतात. हिला 'घोस्ट किक' म्हणतात. आता अनेक जण कॉम्प्रेसर वगळून पातळीचा वक्र थेट रेखाटणारे प्लगइन (संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम) वापरतात. त्यात नेमकेपणा येतो, पण किकचा जोर बदलला तरी झोका तसाच राहतो, म्हणून तो थोडा यांत्रिक वाटतो.

सगळ्याच नृत्यसंगीताला पंपिंग लागत नाही. गोव्यातील समुद्रकिनाऱ्यांवरच्या पार्ट्यांतून घडलेल्या गोवा ट्रान्सचा वारसा सांगणाऱ्या सायट्रान्समध्ये ठोक्याचे चार भाग पाडून पहिला किकला आणि उरलेले तीन बेसला देण्याची चाल रूढ आहे. जागा आधीच वाटून दिलेल्या असल्याने तिथे साइडचेन असलेच तर किकचे शेपूट, म्हणजे ओसरता आवाज, सांभाळण्यापुरते.