‘पिशवी काढली’ म्हणजे नेमकं काय काढलं?

आमच्या घरात पिशवी काढलेल्या दोघी आहोत. एक मी, दुसरी माझी धाकटी जाऊ. तिला फायब्रॉइडच्या गाठी होत्या, मला गर्भाशयाचा कॅन्सर. नातेवाइकांच्या लेखी ऑपरेशन एकच, म्हणून सल्लाही एकच. ‘तिला काही झालं नाही, मग तुलाच एवढा त्रास कसा?’ हे मी पंचवटीतल्या हळदीकुंकवात ऐकलं, दिंडोरीच्या लग्नात ऐकलं, दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेल्या अनोळखी मावशींकडूनही ऐकलं. दर वेळी तेच समजावून सांगून थकले, म्हणून एकदाचं लिहून काढते.

पाळी जाते म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत आहे. सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं धरतात. आपल्याकडे साधारण ४६-४७ व्या वर्षी. दुर्बिणीतून केलं की पोट उघडून, टाके किती, यावरही बायका तासभर बोलतात. दुर्बिणीने घरी लवकर जाता येतं, बाहेरची जखम लवकर भरते, एवढाच फरक. खरा घोळ तिथे नाही.

घोळ इथे आहे. पाळी येते गर्भाशयातून, पण तिला चालवतात अंडाशयं. रजोनिवृत्ती म्हणजे अंडाशयांचं काम थांबणं. गर्भाशय काढलं की रक्तस्राव थांबतो, कारण तो जिथून यायचा ती जागाच राहिली नाही. अंडाशयं शाबूत असतील तर ती आपलं इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं मुख्य हार्मोन, पूर्वीसारखंच बनवत राहतात. माझ्या जावेचं हेच झालं. पाळी बंद, रजोनिवृत्ती नाही. तिला त्रास झाला नाही, कारण त्रास व्हायला कारणच घडलं नव्हतं.

गर्भाशयाच्या कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा दोन्ही अंडाशयं आणि नळ्याही काढतात. इस्ट्रोजेनवर गर्भाशयाचं अस्तर वाढतं आणि कॅन्सर अंडाशयापर्यंत पोचलेला असू शकतो, म्हणून. कमी वयात, अगदी सुरुवातीच्या टप्प्यात सापडला तर डॉक्टर कधीकधी अंडाशयं ठेवतात, पण तो त्यांनी तपासून घेतलेला निर्णय असतो. जिची पाळी आधीच गेलेली असते, तिला ऑपरेशननंतर फारसा फरक जाणवत नाही. जिची चालू असते, तिला जे एरवी काही वर्षांत हळूहळू होतं ते काही दिवसांत सोसावं लागतं. माझी चालू होती.

ऑपरेशननंतर मी निफाडजवळ माहेरी होते. डिसेंबर महिना, निफाडची थंडी, आई दोन गोधड्या घेऊन झोपलेली. पहाटे छातीतून काहीतरी तापत वर आलं, मान, कान, कपाळ पेटल्यासारखं झालं. पाठीवर गाउन ओला. मी शाल फेकली, खिडकी उघडली. दोन-तीन मिनिटांत तो ताप ओसरला आणि मग त्याच ओल्या गाउनमध्ये दात वाजायला लागले. आईला वाटलं टाक्यात पू झाला असेल. कुणीही आधी सांगितलं नव्हतं की असं होईल. सगळे एवढंच म्हणाले होते, ‘सुटलीस बाई एकदाची.’

म्हणून माझा आग्रह आहे, डिस्चार्ज कार्ड वाचा. त्यावरच्या ‘टोटल हिस्टेरेक्टॉमी’ या शब्दांनी भल्याभल्यांची फसगत होते. टोटल म्हणजे सगळं काढलं असं नाही. गर्भाशय आणि त्याचं मुख काढलं, एवढंच. अंडाशयांचा त्यात उल्लेखही नाही. पुढे ‘बीएसओ’ लिहिलं असेल तर दोन्ही नळ्या आणि दोन्ही अंडाशयं गेली. नुसतं ‘सालपिंजेक्टॉमी’ असेल तर फक्त नळ्या. कळलं नाही तर विचारा: ‘माझी अंडाशयं ठेवलीत का?’ हा एक प्रश्न पुढची सगळी वर्षं कामाला येतो.

जावेलाही तो विचारायला हवा होता. पाळी नसल्यामुळे रजोनिवृत्ती कधी आली हे कळायला तिच्याकडे खूणच नव्हती, आणि गर्भाशय काढल्यावर ती कधीकधी थोडी लवकर येते. ४४ व्या वर्षी तिला घाम यायला लागला, झोप उडाली. घरच्यांनी त्याला टेन्शन म्हटलं. रक्तातली एफएसएचची (अंडाशयं थकली की वाढणाऱ्या हार्मोनची) तपासणी केल्यावर उलगडा झाला.

तिला डॉक्टरांनी इस्ट्रोजेनची गोळी दिली. लगेच मला सांगण्यात आलं, ‘तूही तीच घे.’ असली देवाणघेवाण मला अजिबात चालत नाही. गर्भाशय असलेल्या बाईला एकटं इस्ट्रोजेन दिलं तर अस्तर वाढून तिथे कॅन्सरचा धोका वाढतो, म्हणून जोडीला प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन देतात. जावेला गर्भाशय नाही, कॅन्सरही नव्हता, म्हणून तिला एकटं चाललं. माझ्यासारखीला द्यायचं की नाही हे कॅन्सरचा प्रकार, टप्पा आणि ग्रेड पाहून कॅन्सरचे डॉक्टर ठरवतात. सुरुवातीच्या, कमी धोक्याच्या कॅन्सरनंतर काहींना देतातही. शेजारणीच्या डब्यातून मात्र घ्यायचं नाही. शतावरी नि सोयाच्या कॅप्सूलही डॉक्टरांना विचारूनच.

याच्या उलटं, ‘कॅन्सरमधून वाचलीस ना, मग आता सोस’ हेही मला तितकंच अमान्य आहे. घामाच्या लाटांवर हार्मोन नसलेल्या गोळ्या आहेत. व्हेनलाफॅक्सिन, गॅबापेंटिन त्यातल्याच. योनीच्या कोरडेपणासाठी हार्मोन नसलेली मॉइश्चरायझर आणि जेल मिळतात. हे ओपीडीत बोलायला बायका लाजतात, नवरा बाजूला बसलेला असला तर जास्तच. त्याला बाहेर थांबायला सांगा आणि बोला. हाडं कमी वयातच विरळ होऊ लागतात, म्हणून डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारी तपासणी), कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांचं विचारून घ्या. चालणं रोज. मी गोदाकाठी जाते.

आतली जखम भरण्याचा काळ मात्र दोघींचा सारखाच, साधारण सहा ते आठ आठवडे. तेवढे दिवस भरलेला हंडा नाही, द्राक्षांचा क्रेट नाही, सप्तशृंगीच्या पायऱ्या नाहीत, शरीरसंबंध डॉक्टरांनी तपासल्याशिवाय नाही. पोटरी सुजून दुखली तर त्याच दिवशी दवाखाना, ती रक्ताची गुठळी असू शकते.

पहिले काही आठवडे तपकिरी डाग लागतात, ते टाके विरघळण्याचे. नंतर कधीही लाल रक्त दिसलं तर ‘पाळी परत आली वाटतं’ म्हणू नका. गर्भाशय नाही, तर पाळी येईल कुठून? आणि जिचं गर्भाशय जागेवर आहे पण पाळी जाऊन वर्ष झालंय, तिला एक डाग दिसला तरी तिने त्याच आठवड्यात सोनोग्राफीला जावं. आमच्या मोठ्या नणंदेला मी हे सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, ‘अगं, मला तर तीन महिन्यांपासून लागतंय.’ दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला रिक्षात बसवून घेऊन गेले.