फरारी आरोपीचे छायाचित्र पोलीस केव्हा प्रसिद्ध करतात : निकष, कागदपत्रे आणि फिर्यादीने करावयाचा अर्ज

सातारा जिल्ह्यातील पोलीस ठाण्यांच्या दप्तरी जितके आरोपी पाहिजे म्हणून नोंदलेले असतात, त्या सगळ्यांची छायाचित्रे फलकावर किंवा वर्तमानपत्रात येत नाहीत. ज्यांच्या घरात गुन्हा घडला आहे, त्या माणसांना हे पाहून वाटते की आपल्या प्रकरणाची कोणाला किंमत नाही. काही प्रकरणांत तसे खरेही असते. परंतु पुष्कळदा कारण कागदात अडकलेले असते, आणि तो कागद कोणता हे फिर्यादीला कोणी समजावून सांगितलेले नसते. छायाचित्र प्रसिद्ध करणे ही शिक्षा नाही, तसेच ती गुन्ह्यांच्या भयंकरपणाची क्रमवारीही नाही. ते शोधाचे एक साधन आहे, आणि न्यायालयाची कागदपत्रे तयार असतील व लोकांच्या नजरेचा खरोखर उपयोग होणार असेल तेव्हाच ते चालते.

प्रथम शब्दांचा घोळ दूर केला पाहिजे. तपासात ज्याचे नाव निष्पन्न झाले आहे पण अटक बाकी आहे, तो पाहिजे असलेला आरोपी होय. दोषारोपपत्र दाखल होईपर्यंत जो मिळून आला नाही, त्याला त्या दोषारोपपत्रात फरारी दाखवले जाते. उद्घोषित अपराधी मात्र पोलिसांच्या म्हणण्याने ठरत नाही. ते न्यायालय ठरवते. तडीपार हा तर वेगळाच प्रकार आहे : महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ खाली ज्याला जिल्ह्याबाहेर राहण्याचा आदेश झाला आहे, तो कायद्यापासून लपलेला असतोच असे नाही.

न्यायालयाची उद्घोषणा

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता २०२३ लागू झाली. त्या दिवशी जी प्रकरणे आधीच चालू होती, ती जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणेच चालू राहतात. म्हणून एखाद्या जुन्या रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या तारखेवार नोंदीत, कलम ८२ व ८३ दिसली, तर ती आजच्या कलम ८४ व ८५ ची पूर्वरूपे आहेत असे समजावे. उद्घोषणा म्हणजे फरारी आरोपीला हजर होण्यासाठी न्यायालयाने काढलेला जाहीर हुकूम. तिच्यासाठी पहिली अट अशी की त्या न्यायालयाने आरोपीविरुद्ध वॉरंट काढलेले असले पाहिजे, आणि तो फरार झाल्यामुळे किंवा लपून बसल्यामुळे ते बजावता येत नाही असे न्यायालयाला सकारण वाटले पाहिजे. हे कारण मुख्यतः पोलिसांच्या बजावणी अहवालातून पुढे येते. कोणत्या तारखांना घरी गेले, घरच्यांनी व शेजाऱ्यांनी काय सांगितले, गावच्या पोलीस पाटलाचे म्हणणे काय, या गोष्टी अहवालात नसतील आणि केवळ ‘आरोपी मिळून आला नाही’ एवढी एकच ओळ असेल, तर न्यायालय पुढचे पाऊल टाकायला कचरते आणि तारखेमागून तारीख पडत जाते. माझ्या मते फिर्यादीने सर्वांत जास्त लक्ष या अहवालाकडे दिले पाहिजे.

उद्घोषणेत आरोपीने कोठे व केव्हा हजर व्हायचे ते लिहिलेले असते, आणि ती प्रसिद्ध झाल्यापासून किमान ३० दिवसांची मुदत त्याला द्यावी लागते. तो जेथे नेहमी राहतो त्या गावात ती ठळक जागी, म्हणजे चावडीसमोर किंवा ग्रामपंचायतीच्या आवारात, मोठ्याने वाचून दाखवावी लागते. त्याच्या घरावर किंवा गावातील दर्शनी जागी ती डकवावी लागते. न्यायालयाच्या इमारतीवरही एक प्रत लावावी लागते. त्या भागात खपणाऱ्या दैनिकात ती छापून आणण्याचा आदेश द्यायचा की नाही, हे मात्र न्यायालयाच्या इच्छेवर असते. ज्या गुन्ह्याला १० वर्षे किंवा त्याहून अधिक कारावास, जन्मठेप किंवा मृत्युदंड सांगितला आहे, अशा गुन्ह्यातील आरोपी मुदतीत हजर न झाल्यास चौकशी करून न्यायालय त्याला उद्घोषित अपराधी ठरवू शकते. जुन्या संहितेत यासाठी ठरावीक कलमांची यादी होती. आता शिक्षेचे मोजमाप पाहिले जाते, त्यामुळे व्याप्ती वाढली आहे.

पोलीस निवड कशी करतात

कोणाचे छायाचित्र लोकांसमोर ठेवायचे, याचे गुणांकन कायद्यात कोठेही दिलेले नाही. जिल्ह्यात हा विचार तपासी अंमलदार, स्थानिक गुन्हे शाखा आणि पोलीस अधीक्षक यांच्या पातळीवर होतो. गुन्ह्याचे गांभीर्य, आरोपी मोकळा राहिल्यास इतरांना असलेला धोका आणि पूर्वीचे गुन्हे या गोष्टी तर पाहिल्या जातातच. पण बाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात न येणारी कारणे अधिक निर्णायक ठरतात.

त्यांतील सर्वांत मोठे कारण म्हणजे ओळख परेड. रस्त्यावर लुटले गेलेल्या माणसाने आरोपीला त्या रात्री पहिल्यांदाच पाहिलेले असते. अटकेनंतर कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर परेड होते आणि साक्षीदाराने केवळ आठवणीवरून त्याला ओळखायचे असते. त्याआधी तोच चेहरा भ्रमणध्वनीवर फिरला असेल, तर बचाव पक्षाचा वकील विचारणारच की साक्षीदाराने आरोपीला ओळखले की छायाचित्राला. चांगला पुरावा अशाने दुबळा होतो, म्हणून अशा प्रकरणांत पोलीस छायाचित्र रोखून धरतात आणि ते योग्यच आहे. उलट बांधाच्या किंवा भावकीच्या वादातून खून झाला असेल, तर साक्षीदार आरोपीला लहानपणापासून ओळखत असतात आणि ही अडचण उरत नाही.

दुसरा विचार गुप्ततेचा असतो. आरोपीच्या मागावर पथक गेले असताना त्याचा चेहरा जाहीर झाला, तर तो सावध होऊन जागा बदलतो. तो कोठे आहे याचा काहीच सुगावा नसतो तेव्हा मात्र प्रसिद्धीने गमावण्यासारखे फारसे काही नसते. सातारा पुणे–बंगळूर महामार्गावर आहे आणि कुंभार्ली व आंबेनळी घाटांनी कोकणात उतरता येते. माण, खटाव आणि शेजारच्या सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी भागांतील माणसे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, व्यवसायानिमित्त देशभर पसरलेली आहेत. इथल्या दैनिकातील छायाचित्र त्यामुळे जिल्ह्याच्या हद्दीत थांबत नाही. दूरच्या शहरातील एखादा गाववाला ते पाहतो आणि कळवतो. अर्थात छायाचित्र अलीकडचे आणि निश्चितपणे त्याच माणसाचे असले पाहिजे. पूर्वी अटक झाली असल्यास पोलिसांकडे ते असते. नसेल तर लग्नातल्या समूहचित्रातून कापलेल्या अस्पष्ट चेहऱ्यावर कोणताही जबाबदार अधिकारी सही करणार नाही, कारण त्या चेहऱ्याचा दुसराच माणूस लोकांच्या हाती सापडू शकतो.

तिसरी बाब कायद्याच्या बंदीची आहे. गुन्ह्याच्या वेळी आरोपी १८ वर्षांखालील असेल, तर बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार त्याची ओळख उघड करता येत नाही. लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात पीडितेची ओळख गुप्त ठेवावी लागते, आणि आरोपी जर तिचा बाप, चुलता किंवा सावत्र भाऊ असेल तर त्याचे नाव छापणे म्हणजे तिचेच नाव छापणे होय. अशा घरातील फिर्यादीने प्रसिद्धीचा आग्रह धरण्यापूर्वी हे शांतपणे लक्षात घ्यावे.

निकष लेखी स्वरूपात जगासमोर मांडल्याचे एक उदाहरण अमेरिकेच्या एफबीआय या केंद्रीय तपास यंत्रणेचे आहे. तिची दहा फरारींची यादी १४ मार्च १९५० रोजी सुरू झाली. नावे क्षेत्रीय कार्यालयांकडून मागवली जातात आणि दोन कसोट्या लावल्या जातात : माणूस गंभीर गुन्ह्यांची दीर्घ पार्श्वभूमी असलेला किंवा सध्याच्या आरोपांमुळे समाजाला विशेष धोकादायक असला पाहिजे, आणि देशभर प्रसिद्धी दिल्याने तो सापडण्यास मदत होईल असे वाटले पाहिजे. आधीच सर्वतोमुखी झालेल्या आरोपीला त्या यादीत जागा देण्याचे कारण नसते, कारण प्रसिद्धीने त्यात नवी भर पडत नाही. इंटरपोल ही देशोदेशीच्या पोलिसांची संघटना फरारी शोधण्यासाठी रेड नोटिसा काढते; त्यांतही बहुसंख्य नोटिसा केवळ पोलीस यंत्रणांपुरत्या असतात. लोकांना दिसतात त्या थोड्याच. भारतातून अशी विनंती केंद्रीय अन्वेषण विभागामार्फत जाते. आरोपी परदेशात पळण्याची भीती असल्यास जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक लुकआउट परिपत्रकाची मागणी करू शकतात. ते विमानतळ आणि बंदरांवरील तपासणीसाठी असते, फलकासाठी नसते.

फिर्यादीने काय करावे

प्रसिद्धीसाठी कोणताही छापील नमुना नाही. साध्या कागदावरील अर्ज चालतो. फिर्यादी, पीडित व्यक्ती किंवा मृताचे जवळचे वारस तो करू शकतात. अर्ज पोलीस ठाण्याच्या प्रभारी निरीक्षकांच्या नावे करून त्याची प्रत पोलीस अधीक्षक कार्यालयात द्यावी आणि दोन्ही ठिकाणी पोच घ्यावी. सोबत प्रथम खबरी अहवालाची प्रत जोडावी, जी फिर्यादीला किंवा पीडिताला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार विनामूल्य मिळते. प्रकरण न्यायालयात असल्यास त्याचा सीएनआर क्रमांक (न्यायालयाने प्रकरणाला दिलेला ओळख क्रमांक) आणि अजामीनपात्र वॉरंट निघाल्याच्या रोजनाम्याची प्रमाणित नक्कल जोडावी. नक्कल अर्ज त्याच न्यायालयाच्या नक्कल विभागात करावा लागतो. आरोपीचे अलीकडचे छायाचित्र, त्याचे टोपणनाव, शरीरावरील खुणा, नातेवाइकांची गावे आणि त्याचा धंदा यांची जितकी खरी माहिती आहे तितकी लिहावी, आणि ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच लिहावी.

वॉरंटच निघालेले नसेल, तर अर्जात वॉरंट मिळवण्याची तेवढीच एक मागणी ठेवावी. अजामीनपात्र गुन्ह्यातील अटक टाळणाऱ्या आरोपीविरुद्ध कलम ७५ खाली दंडाधिकाऱ्यांकडून वॉरंट घेता येते. तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणे कलम १९३ नुसार पोलिसांवर बंधनकारक आहे, तेव्हा त्याची लेखी मागणी संकोच न करता करावी.

फलकापेक्षा जप्तीचा परिणाम पुष्कळदा लवकर होतो, असे माझे स्पष्ट मत आहे. उद्घोषणेनंतर कलम ८५ खाली आरोपीच्या मालमत्तेला टाच आणता येते, आणि मालमत्ता विकली जाण्याची शक्यता असल्यास उद्घोषणेबरोबरच टाच आणता येते. आरोपीच्या नावावरील सातबारा, आठ-अ, नगर भूमापनाची मिळकत पत्रिका आणि वाहन क्रमांक फिर्यादीने गोळा करून सहायक सरकारी वकिलांकडे द्यावेत. सारा भरणाऱ्या जमिनीची जप्ती जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. ज्याचे नाव सातबाऱ्यावर सामाईक आहे, अशा भावाला आपल्या हिश्श्यासाठी सहा महिन्यांच्या आत हरकत घेता येते. आरोपी दोन वर्षांच्या आत हजर होऊन आपण फरार झालो नव्हतो व उद्घोषणेची आपल्याला कल्पना नव्हती हे सिद्ध करू शकला, तर मालमत्ता परत मिळते. वकील परवडत नसल्यास जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

फिर्यादीने स्वतः आरोपीचे छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकू नये. ओळख परेडचा पुरावा त्याने बिघडू शकतो आणि माणूस चुकला तर बदनामीचा गुन्हा स्वतःवरच येतो.

माहिती देणारा आणि चुकून नाव आलेला

फलकावरील व्यक्ती दिसल्यास ११२ वर किंवा जवळच्या ठाण्यात कळवावे. माहिती कोणाकडून मिळाली हे सांगण्याची सक्ती पोलिसांवर करता येत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३१ ने हे संरक्षण दिलेले आहे. उद्घोषित अपराध्याला सामान्य नागरिकही पकडू शकतो, मात्र सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. फलकावरचा प्रत्येक चेहरा उद्घोषित अपराध्याचा नसतो, म्हणून स्वतः हात घालू नये हेच बरे. जाणूनबुजून आसरा देणे हा गुन्हा आहे. पती किंवा पत्नीने दिलेला आसरा तेवढा अपवाद.

नामसाधर्म्यामुळे एखाद्याचे नाव किंवा छायाचित्र चुकून प्रसिद्ध झाले, तर त्याने ओळखपत्रे, जन्माचा किंवा शाळा सोडल्याचा दाखला आणि त्या काळात तो कोठे होता याचे पुरावे घेऊन पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज करावा. उद्घोषणाच त्याच्या नावे निघाली असेल, तर ती काढणाऱ्या न्यायालयासमोर रद्द करण्याचा अर्ज द्यावा. तेथे दाद मिळाली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली उच्च न्यायालयात जाता येते, आणि ऑगस्ट २०२५ पासून सातारा व सांगलीकरांसाठी ते कोल्हापूरच्या सर्किट बेंचमध्ये दाखल करता येते.