फोकल कॉर्टिकल डिसप्लेसिया: सूक्ष्मदर्शकापासून ग्राफ न्यूरल नेटवर्कपर्यंत

अपस्माराच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांना औषधांचा पुरेसा गुण येत नाही. दोन योग्य औषधे योग्य डोसमध्ये घेऊनही त्यांच्या फिट थांबत नाहीत. यातल्या काहींच्या मेंदूच्या सालीत, म्हणजे बाहेरच्या थरात (कॉर्टेक्स), जन्मापूर्वीच वेडावाकडा घडलेला एखादा छोटा भाग असतो; यालाच फोकल कॉर्टिकल डिसप्लेसिया म्हणतात. तो शस्त्रक्रियेने काढता येतो, पण त्यासाठी आधी एमआरआयवर सापडावा लागतो.

हा विकार 1971 साली लंडनच्या टेलर, फाल्कनर, ब्रूटन आणि कोर्सेलिस यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ओळखला. शस्त्रक्रियेत काढलेल्या मेंदूच्या तुकड्यांत त्यांना पेशींचे थर विस्कटलेले आणि काही पेशी भलत्याच मोठ्या झालेल्या दिसल्या. पुढे एमआरआय आल्यावर त्याच्या खुणा फिल्मवर शोधल्या जाऊ लागल्या: साल जाड होणे, करड्या आणि पांढऱ्या भागातली सीमा पुसट होणे, फ्लेअर या एमआरआयच्या प्रकारावर थोडा उजळपणा. पण हा बिघडलेला भाग, म्हणजे डाग, अनेकदा एखाद्या खाचेच्या तळाशी असतो. 5 मिमी जाडीच्या कापांत तो सहज निसटतो.

या खुणांना आकड्यांत बांधण्याचे काम 2000 नंतर सुरू झाले. माँट्रियलमध्ये बर्नास्कोनी यांच्या गटाने 2003 मध्ये सालीची जाडी, सीमेचा पुसटपणा आणि उजळपणा यांची गणिती मॉडेल्स वापरून डाग आपोआप ओळखणारी पद्धत मांडली. जर्मनीत हुपर्ट्झ यांनी 2005 मध्ये रुग्णाचा स्कॅन निरोगी लोकांच्या सरासरीशी ताडून सीमा पुसट असलेली जागा ठळक दाखवली. दोन्हीकडे मशीनला शिकवले जात होते ते रेडिओलॉजिस्ट डोळ्यांनी पाहतो तेच.

डीप लर्निंगला, म्हणजे उदाहरणांतून स्वतःच खुणा शिकणाऱ्या न्यूरल नेटवर्क या संगणकीय मॉडेल्सना, मात्र उदाहरणे भरपूर लागतात आणि एका रुग्णालयात असे रुग्ण मोजकेच. त्यामुळे आमच्या मते या क्षेत्राचा खरा टप्पा नेटवर्कच्या रचनेपेक्षा केंद्रे एकत्र येण्याचा आहे. माँट्रियलच्या गटाने 2021 मध्ये 9 केंद्रांतल्या 148 रुग्णांवर कन्व्होल्यूशनल नेटवर्क (चित्रे वाचणारे न्यूरल नेटवर्क) शिकवले. 2022 मध्ये लंडनहून चालणाऱ्या मेल्ड या अनेक केंद्रांच्या संशोधन प्रकल्पाने 22 केंद्रांतले 618 रुग्ण आणि 397 निरोगी व्यक्ती जमवल्या.

मेल्डची पद्धत अशी. फ्रीसर्फर हे सॉफ्टवेअर एमआरआयवरून सालीचा पृष्ठभाग बिंदूंच्या जाळ्यात उलगडतो. प्रत्येक बिंदूवर जाडी, वळण, खाचेची खोली, करड्या-पांढऱ्याचा फरक आणि वेगवेगळ्या खोलीवरची फ्लेअरची तीव्रता मोजली जाते. मग प्रत्येक स्कॅनरचा स्वतःचा ठसा कॉम्बॅट या सांख्यिकी पद्धतीने पुसला जातो. ही पायरी गाळली तर नेटवर्क आजाराऐवजी स्कॅनर ओळखायला शिकते. शेवटी आकडे निरोगी लोकांशी आणि त्याच व्यक्तीच्या मेंदूच्या दुसऱ्या अर्धगोलाशी ताडले जातात आणि त्यावरून नेटवर्क प्रत्येक बिंदू डागाचा आहे की नाही हे ठरवते.

निकाल संमिश्र होता. चाचणीसाठी राखून ठेवलेल्या रुग्णांत संवेदनशीलता (खरे डाग पकडण्याचे प्रमाण) 59 टक्के आली आणि जवळपास निम्म्या निरोगी मेंदूंतही मॉडेलने काहीतरी दाखवले. कारण सरळ होते: ते प्रत्येक बिंदू सुटा तपासत होते, शेजारी काय चालले आहे याचा त्याला पत्ता नव्हता. ग्राफ न्यूरल नेटवर्कने ही उणीव भरली. शेजारचे बिंदू एकमेकांना जोडलेले असल्याने पूर्ण साल एकत्र वाचता येते. अशा नेटवर्कवर आधारलेल्या 2025 च्या मेल्ड ग्राफमध्ये दाखवलेल्या जागांपैकी खऱ्या निघालेल्यांचे प्रमाण 39 वरून 67 टक्क्यांवर गेले. ज्यांचा एमआरआय आधी नॉर्मल म्हणून वाचला गेला होता, अशा रुग्णांपैकी सुमारे 64 टक्क्यांमध्येही डाग सापडला. शस्त्रक्रियेच्या आशेवर असलेल्या कुटुंबांसाठी ही मोठी गोष्ट आहे.

चुका अजून होतात, आणि त्यांची कारणे ठरावीक आहेत. रुग्ण हलला की सीमा पुसट दिसते आणि खोटा डाग उमटतो. डागामुळेच सीमा इतकी बिघडलेली असते की फ्रीसर्फर ती चुकीच्या जागी आखतो, म्हणून आखलेली सीमा आधी डोळ्यांनी तपासावी. अगदी लहान मुलांत मायलिन (मज्जातंतूंवरचे आवरण) पूर्ण झालेले नसते, त्यामुळे करड्या-पांढऱ्याचा फरकच मिळत नाही. हिप्पोकॅम्पसचा (मेंदूच्या आतला, स्मृतीशी संबंधित भाग) आजार या पद्धतीच्या कक्षेत येत नाही. स्कॅनही तसा हवा: आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेच्या 2019 च्या हार्नेस प्रोटोकॉलनुसार 1 मिमीचे, मध्ये फट नसलेले थ्रीडी टी1 आणि थ्रीडी फ्लेअर, आणि सोबत हिप्पोकॅम्पसच्या अक्षाला काटकोनात घेतलेले कोरोनल (कानापासून कानापर्यंतच्या उभ्या कापांचे) टी2; टी1 आणि टी2 हे एमआरआयचेच प्रकार.

मेल्ड ग्राफ हे संशोधनाचे साधन आहे. त्याने दाखवलेली जागा ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद) आणि फिटच्या व्हिडिओशी जुळते का, हे अपस्मार शस्त्रक्रियेची टीमच ठरवते. जुळली तर तिथे इलेक्ट्रोड घालून खात्री करता येते.